रोबो व्हॅक्यूम चार्ज होत नाही? बॅटरीचा नंबर शेवटचा

‘रोबो व्हॅक्यूम चार्ज होत नाही, नवी बॅटरी कुठे मिळेल?’ अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतचे वाचक हा प्रश्न वारंवार विचारतात. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा निदान स्वतःच करून टाकलेलं असतं: बॅटरी गेली. कुणी ऑनलाइन स्वस्तातली बॅटरी मागवून मोकळा झालेला असतो, कुणी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारून आलेला असतो. यंत्र मात्र जिथल्या तिथेच.

वीज कोणत्या वाटेने जाते ते एकदा लक्षात घ्या. भिंतीतल्या सॉकेटमधून ती अ‍ॅडाप्टरमध्ये येते, तिथून डॉकमध्ये, डॉकवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांवरून यंत्राच्या पोटाखालच्या दोन पट्ट्यांत, मग आतल्या सर्किटात आणि सगळ्यात शेवटी बॅटरीत. म्हणजे बॅटरी हा या वाटेवरचा शेवटचा थांबा आहे. घरच्या घरी तपासायला अवघड आणि बदलायला महाग. म्हणून तपासणी भिंतीपासून सुरू करा. पहिल्या पायऱ्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी ठरवा: नेमकं काय बिघडलंय?

‘चार्ज होत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगवेगळे बिघाड असतात.

- यंत्राला डॉक सापडत नाही. ते घरभर फिरतं, डॉकच्या आसपास घुटमळतं आणि वाटेतच बंद पडतं.
- यंत्र डॉकवर नीट बसतं, पण टक्के वाढत नाहीत.
- यंत्र पूर्ण चार्ज झाल्याचं दाखवतं, पण एक खोली झाडायच्या आत मान टाकतं.

पहिला बिघाड डॉकच्या जागेचा. दुसरा वीजपुरवठ्याचा किंवा पट्ट्यांचा, आणि क्वचित बॅटरीचा. फक्त तिसऱ्यात बॅटरीवर थेट संशय घेता येतो. तुमचा बिघाड कोणता, हे ओळखण्यासाठी यंत्र उचलून हाताने डॉकवर बसवा. दिवा लागतो का, आवाज येतो का ते पाहा, अ‍ॅपमधले टक्के लिहून ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. हाताने ठेवल्यावर टक्के वाढले, तर चार्जिंग शाबूत आहे, यंत्राला घराची वाट तेवढी सापडत नाही. तसं असेल तर थेट डॉकच्या जागेविषयीचा भाग वाचा.

सॉकेट, बटण, अ‍ॅडाप्टर

आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असतं आणि काम झालं की ते बंद करायचं, हे वळण घरातल्या प्रत्येकाला लागलेलं असतं. रात्री आजोबा बंद करतात, सकाळी लादी पुसताना मावशी बंद करतात. वळण चांगलंच आहे, पण डॉकला वीज चोवीस तास लागते. त्या बटणावर ‘बंद करू नये’ अशी मराठीत आणि हिंदीत चिठ्ठी चिकटवा. चार्जिंगच्या कित्येक तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

त्यानंतर क्रमाने हे पाहा:

- त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. जुन्या इमारतींत सॉकेट सैल झालेली असतात. प्लग आत असतो, पण वीज पोहोचत नाही.
- डॉक एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर तो काढून थेट भिंतीत लावा. कचरा स्वतः ओढून घेणाऱ्या मोठ्या डॉकच्या बाबतीत तर हे कराच. कचरा ओढताना त्यातली मोटर बरीच वीज घेते आणि त्याच बोर्डावर फ्रिज किंवा इस्त्री असेल तर बोर्ड तापतो.
- अ‍ॅडाप्टरची पिन डॉकमध्ये घट्ट बसली आहे का, आणि वायर कपाटाखाली चेपली किंवा उंदराने कुरतडली आहे का, ते पाहा.
- यंत्राचं स्वतःचं बटण चालू आहे का ते बघा. बऱ्याच मॉडेलांत ते बाजूला किंवा पोटाखाली असतं. काही मॉडेलांत हे बटण बंद असताना यंत्र डॉकवर बसवलं तरी चार्ज होत नाही.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर असेल तर अ‍ॅडाप्टरच्या पिनवर व्होल्टेज मोजून घ्या आणि अ‍ॅडाप्टरवर ‘आउटपुट’ म्हणून छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. डॉकच्या पट्ट्यांवर मोजलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. काही डॉक यंत्र बसल्याची खूण मिळेपर्यंत पूर्ण व्होल्टेज सोडतच नाहीत, आणि मग चांगला डॉक बिघडलेला ठरतो. अ‍ॅडाप्टर किंवा डॉक उघडून आत हात घालू नका. तिथे २३० व्होल्ट असतात.

अ‍ॅडाप्टर बदलायचा असेल तर व्होल्टेज तोच हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत आणि पिनची दिशाही तीच हवी. पिन बसते म्हणून जुन्या राउटरचा अ‍ॅडाप्टर लावणं सर्किटावर बेततं.

डॉकची जागा

उपनगरातल्या वन बीएचकेत डॉकला मिळते ती उरलेली जागा: चपलांच्या रॅकखाली, सोफा आणि टीव्ही युनिटच्या फटीत, वॉशिंग मशीनशेजारी. बहुतेक कंपन्या डॉकच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा मीटर आणि समोर दीड मीटर मोकळी जागा सांगतात. तेवढी देणं शक्य नसेल तर निदान समोरची बाजू मोकळी ठेवा. डॉक अवरक्त किरण सोडतो आणि यंत्र त्यांच्या रोखाने परत येतं. मध्ये चपला, सायकल किंवा गॅस सिलिंडर आला की खूण हरवते.

पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर आत येणारं ऊन थेट डॉकवर पडत असेल, तर त्या वेळात यंत्र भांबावतं. सकाळी नीट परतणारं यंत्र फक्त संध्याकाळी चुकत असेल, तर डॉक सावलीत हलवा. समोर आरशाचं कपाट असेल तरी असंच होतं.

गुळगुळीत लादीवर आणखी एक गोष्ट घडते. यंत्र येऊन टेकतं, त्या धक्क्याने डॉक बोटभर मागे सरकतो आणि पट्ट्या एकमेकींना लागतच नाहीत. डॉक भिंतीला टेकवून खाली दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचे तुकडे लावा. लादी आधी कोरडी पुसून घ्या, नाहीतर टेप आठवड्यात सुटते.

पट्ट्या: मुंबईतलं खरं दुखणं इथे आहे

यंत्र उलटं करा आणि उजेडात धरा. पुढच्या भागात, छोट्या चाकाच्या जवळपास, दोन धातूच्या पट्ट्या दिसतील. काही मॉडेलांत त्या मागच्या कडेला असतात. नव्या असताना त्या चकचकीत असतात. आता बोट फिरवून पाहा. वर मळकट, किंचित चिकट थर जाणवेल, काही ठिकाणी काळपट किंवा हिरवट डाग दिसतील. तो थर विजेला अडवतो. डोळ्यांना यंत्र डॉकवर बसलेलं दिसतं, प्रत्यक्षात जोड झालेलाच नसतो.

हा थर येतो कुठून? पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते. वर्सोवा, मढ, गोराईकडे समुद्राची खारी हवा वर्षभर असते. खाडीच्या आणि नाल्यांच्या कडेला हवेतल्या वायूंनी तांबं-पितळ काळवंडतं. त्याच भागांत एसीच्या तांब्याच्या नळ्या लवकर खराब होतात, कारण तेच. त्यात फोडणीची वाफ, उदबत्तीचा धूर आणि इमारतीशेजारच्या बांधकामाची धूळ बसते. यंत्र पोछाही मारत असेल तर ओलं फडकं घेऊनच ते डॉकवर जाऊन बसतं आणि ओल पट्ट्यांपर्यंत पोहोचते.

सफाई अशी करा:

1. डॉकचा प्लग काढा, यंत्र बंद करा.
2. चारही पट्ट्या (दोन यंत्राच्या, दोन डॉकच्या) कोरड्या सुती फडक्याने पुसा.
3. डाग उरलेच तर साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचा चुरा झटकून टाका.
4. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब कापसावर घेऊन शेवटचा हात फिरवा आणि पूर्ण वाळू द्या.
5. डॉकच्या पट्ट्या स्प्रिंगवर असतील तर अंगठ्याने दाबून सोडा. दोन्ही सारख्याच उसळून वर आल्या पाहिजेत. एक अडकत असेल तर तिच्या खाचेत केस किंवा धूळ आहे.

पॉलिश पेपर, सुरी, भांड्याची घासणी वापरू नका. पट्टीवरचा मुलामा निघाला की ती दुप्पट वेगाने गंजते. ओलं फडकं किंवा खोबरेल तेलही नको.

यंत्र उलटं आहे तोवर पुढचं छोटं चाक ओढून बाहेर काढा. ते बहुधा नुसतं ओढल्यावर निघतं. दांड्याभोवती केस, शिवणाचा दोरा आणि गजऱ्याचा धागा घट्ट गुंडाळलेला सापडेल. चाक त्यामुळे वर-खाली राहतं, यंत्र किंचित कलतं आणि एकाच बाजूची पट्टी डॉकला लागते. कात्रीने धागे कापून चाक परत बसवा.

पोछ्याच्या टाकीत फिनेल किंवा फरशी धुण्याचं ॲसिड घालू नका. कंपनीने सांगितलेलं द्रावण नसेल तर साधं पाणी पुरे. काम झालं की फडकं काढून दोरीवर वाळत घाला.

गणपतीला गावी जाताना

गणपतीनंतर आणि मे महिन्यानंतर एक ठरावीक तक्रार येते. घरचे सगळे कोकणात जातात. निघताना मेन स्विच बंद करतात, ते योग्यच. पण रोबो डॉकवर तसाच चालू राहतो. डॉकला वीज नाही आणि यंत्र मात्र वाय-फाय शोधत जागं. असलेलं चार्जिंग ते हळूहळू खाऊन टाकतं. बहुतेक यंत्रांत १४.४ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी असते, आतले चार सेल एकापुढे एक जोडलेले. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की बॅटरीतलं संरक्षक सर्किट सगळंच बंद करतं. परत आल्यावर यंत्र डॉकवर ठेवलं तरी दिवाही लागत नाही आणि बॅटरी मेली असं वाटतं.

लगेच नवी घेऊ नका. पट्ट्या पुसा, यंत्राचं बटण चालू करा आणि ते डॉकवर रात्रभर ठेवा. घरात कुणीतरी असताना, आणि आजूबाजूला पडदे-कागद नसतील अशा जागी. बॅटरी पार रिकामी झाली असेल तर सुरुवातीला थेंबाथेंबानेच चार्जिंग होतं आणि तास-दोन तास काहीच हालचाल दिसत नाही. सकाळपर्यंत जाग आली तर ठीक. नाही आली तर बॅटरी एकदा काढून पुन्हा बसवा (मॅन्युअलमध्ये तशी मुभा असेल तरच) आणि आणखी एकदा प्रयत्न करा. त्यापुढे सर्व्हिस सेंटर. बॅटरीला बाहेरून थेट वायर लावून ‘झटका’ देणारे कारागीर भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. लिथियमच्या बाबतीत हा खेळ आगीचा आहे.

पुढच्या वेळी निघण्याआधी यंत्र पूर्ण चार्ज करा, त्याचं स्वतःचं बटण बंद करा आणि ते कोरड्या जागी ठेवा. जास्त दिवस पडून राहणार असेल तर तीन महिन्यांत एकदा चार्ज करावं, असं काही कंपन्या सांगतात. हे सगळ्यांनाच लागू धरायला हरकत नाही.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात डॉक लादीवरून उचलून ठेवावा. पाणी शिरलेला डॉक वाळवून लगेच विजेला लावू नका, आधी दाखवून घ्या.

अमेरिकेहून आलेलं यंत्र

मुलीने किंवा भाच्याने परदेशातून आणलेला रोबो इथे पहिल्याच दिवशी बंद पडल्याच्या तक्रारीही आहेत. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. साध्या डॉकच्या अ‍ॅडाप्टरवर ‘१००-२४०’ असं छापलेलं असेल तर नुसता प्लग बदलणारा कन्व्हर्टर चालतो. पण कचरा ओढून घेणाऱ्या डॉकची मोटर थेट घरातल्या विजेवर चालते, आणि अमेरिकेसाठी बनवलेल्या अशा डॉकवर फक्त ‘१२०’ असतं. तो इथे लावला की जळतो. प्लग लावण्याआधी डॉकच्या तळाशी छापलेला आकडा वाचा. अशा यंत्राची वॉरंटीही बहुधा खरेदीच्या देशापुरतीच असते.

आता बॅटरी

वरचं सगळं करून झालं आणि तरीही यंत्र दहा मिनिटांत बसतंय, वय दोन-तीन वर्षांचं आहे आणि काम रोजचं आहे, तर बॅटरी थकली आहे असं मानायला हरकत नाही. घेताना हे बघा:

- बॅटरीवर छापलेला मॉडेल नंबर जुन्या बॅटरीशी जुळला पाहिजे. नुसत्या यंत्राच्या नावावर घेऊ नका, एकाच नावाखाली कनेक्टर बदललेले असतात.
- व्होल्टेज तोच हवा. एमएएच थोडे जास्त असले तरी चालतात, पण त्याच आकारात दुप्पट आकडा छापलेला असेल तर तो खोटा समजा.
- लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. वर ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडे असतात. तो नंबर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घालून पाहा, कुणाच्या नावाने नोंदणी आहे ते कळतं. नंबरच नसेल तर घेऊ नका.
- बिल घ्या. बिनबिलाच्या बॅटरीची तक्रार पुढे कुणीच ऐकून घेत नाही.

नवी बॅटरी आणि मजुरी मिळून नव्या यंत्राच्या निम्म्याच्या वर जात असेल आणि ब्रश-चाकंही झिजली असतील, तर मी दुरुस्तीचा सल्ला देणार नाही. यंत्र वर्षा-दोन वर्षांचंच असेल तर मात्र दुरुस्तीच करा.

बॅटरी फुगली असेल, म्हणजे झाकण नीट बसत नसेल किंवा पोटाखालचा भाग वर आला असेल, तर चार्जिंग ताबडतोब थांबवा. टोचू नका, दाबू नका. यंत्र कपड्यांपासून दूर, कोरड्या लादीवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. जुनी बॅटरी सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली की पेट घेऊ शकते, आणि ती गाडी भरणारी माणसं तुमच्याच दारातली असतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ‘जुनी कुठे द्यायची?’ हे कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी मागा.

सर्व्हिस सेंटरशी बोलताना

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून पहिला दिसेल तो फिरवू नका. खोटे नंबर पेरून लोकांचे पैसे काढणाऱ्या टोळ्या आहेत. नंबर खोक्यावरून, वॉरंटी कार्डावरून किंवा यंत्राच्या अ‍ॅपमधून घ्या. ‘नोंदणीचे दहा रुपये भरा’ म्हणून कुणी लिंक पाठवली किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितलं, तर फोन ठेवा. फसगत झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

- यंत्र देताना जॉब शीट घ्या. त्यावर सिरियल नंबर, तक्रार आणि सोबत दिलेल्या वस्तू (डॉक, अ‍ॅडाप्टर, टाकी) लिहून घ्या.
- देण्याआधी फोटो काढा, आणि शक्य असेल तर डॉकवर ठेवूनही टक्के न वाढल्याचा व्हिडिओ.
- यंत्रात तुमच्या घराचा नकाशा आणि वाय-फायचा तपशील असतो. अ‍ॅपमधून तो पुसून टाका.
- ‘पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही’ असं सांगितलं तर तो शेरा फोटोसह लेखी मागा.
- भाग बदलला तर जुना भाग दाखवायला सांगा.
- तक्रार बंद करण्याचा ओटीपी यंत्र तुमच्यासमोर चार्ज होताना दिसेपर्यंत देऊ नका. एकदा ओटीपी गेला की कंपनीच्या नोंदीत तुमचं काम झालेलं असतं.

वॉरंटी कार्डावर बॅटरीची ओळ वेगळी वाचा. यंत्राला एक वर्ष आणि बॅटरीला त्याहून कमी, अशी विभागणी काही कंपन्या करतात.

दाद कुठे मागाल?

ऑनलाइन घेतलं असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे.

त्याने काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. सुटे भाग कुठे मिळतील, दुरुस्तीचं धोरण काय, हे कळण्यासाठी केंद्र सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल २०२२ च्या डिसेंबरपासून आहे, पण त्यावर तुमची कंपनी आहे का ते आधी बघा. कागद कसे लावायचे हेच उमगत नसेल तर विलेपार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शन घ्या. ही संस्था १९७५ पासून याच कामात आहे.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. वांद्रे ते दहिसर आणि कुर्ला ते मुलुंड हा सगळा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो आणि त्याचा आयोग वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. बिल, वॉरंटी कार्ड, जॉब शीट, ईमेल आणि १९१५ चा तक्रार क्रमांक एवढे कागद तयार ठेवा. बिल कंपनीच्या किंवा दुकानाच्या नावावर असेल तर ‘व्यापारी वापर’ हा आक्षेप येऊ शकतो, म्हणून घरच्या यंत्राचं बिल स्वतःच्या नावावर घ्या.

आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सर्व्हिस सेंटरच्या खेपांत ती संपू देऊ नका.